भेकरीचे माहेर

वर्तमानपत्रात प्राणिसंग्रहालयातील नवजात पिल्लांची वार्ता वाचली, की मला पनवेलच्या कचेरीबाहेर माझ्या टेबलाशी अर्ज लिहवून घ्यायला आलेली एक कातकरी बाई आठवते. तिच्या लुगड्याला चुलीच्या धुराचा आणि ओल्या पाल्याचा वास येत होता. तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेली भेकरी, रानातली लहानशी हरणी, वनखात्याने शहरातल्या प्राणिसंग्रहालयात नेली होती, आणि तिथे ती व्याल्याचे वनरक्षकाने तिला सांगितले होते. “लिवा भाऊ, पयलटकरीन हाय, पोरासकट माहेरी धाडा,” ती म्हणाली. “बाई, कायद्यात जनावराला माहेर नसते,” मी समजावले. “मंग तिला दूध कुनी पाजलं? कायद्यानं?” शेजारचा टंकलेखक हसला, “काका, एक प्रत जावयालाही पाठवा.” वारसाहक्काचे किचकट अर्ज लीलया लिहिणारा मी, अर्जदाराच्या नात्यापाशी अडलो. मालक लिहावे तर गुन्हा ठरतो, पालक लिहावे तर पुरावा नाही. अखेर ‘आई’ असे लिहून मी तिचा अंगठा घेतला. “कवा धाडतील? कोपरा सारवून ठेवलाय,” तिने विचारले. इतर पक्षकारांना मी बेधडक मुदत सांगतो. तिच्यापुढे मात्र मी अंगठ्याची शाई टिपत राहिलो, आणि तिला काय सांगायला हवे होते, हे मला आजही उमगलेले नाही.