नाल्यापलीकडची घरं

वारजे नुकतंच शहराच्या हद्दीत आलं होतं आणि नव्या हद्दीचा विकास आराखडा तयार होत होता. अमरावतीहून डिप्लोमा करून आलेला मी त्या कामावर कंत्राटी आरेखक होतो. माझा खोलीमित्र कोथरूडला कॉम्प्युटर क्लासला जायचा. "तुझ्या रेघांना कोण विचारतंय? सॉफ्टवेअर शिक," असं तो रोज ऐकवायचा.

कोणत्या जमिनीवर काय आहे, ते जागेवर जाऊन टिपायचं, हे माझं काम. एका दुपारी मी वारज्यातल्या एका नाल्यापाशी पोचलो. पलीकडे पत्र्यांची रांग होती, पुढे दोन-तीन म्हशी बांधलेल्या. उतार चिखलाचा होता आणि मी दमलो होतो. अलीकडूनच वहीत लिहिलं : गोठे, बाकी जागा मोकळी.

आराखडा जाहीर झाला, तेव्हा त्या जागेवर गरिबांसाठी घरांचं आरक्षण पडलं होतं. मला बरंच वाटलं.

मग लोकांच्या हरकतींवर सुनावणी लागली. नकाशे उलगडून दाखवायला मी सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या मागे बसलो होतो. जमीनमालक, बिल्डरांचे वकील येऊन गेले. दुपारी नाव पुकारलं आणि नऊवारीतल्या एक बाई पुढे आल्या. मार्केट यार्डात कांदा निवडायचं काम करायच्या. मागे वस्तीतली माणसं दाटीनं उभी राहिली.

"नाल्याकडंला आमची घरं हायेत, साहेब. पोरं तिथंच जन्मली. आता म्हनत्यात, आमाला उठवून तिथं गरिबांची घरं बांधनार. मग आमी कोन?"

मी नकाशा उलगडला. नाल्यापलीकडची ती जागा मीच टिपलेली होती.

साहेब म्हणाले, "अहो बाई, इथं घरं नाहीत. गोठे आहेत."

"मग म्या काय म्हस हाय का?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. पिशवीतून रेशनकार्डांचा गठ्ठा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. साहेबांनी वरची दोन-तीन कार्डं चाळली. "पाहणी अहवालात स्पष्ट लिहिलंय," असं म्हणत त्यांनी हरकत फेटाळायला पेन उचललं.

शेजारी बसलेल्या माझ्या वरिष्ठांनी माझा गुडघा दाबला. "गप्प बस," ते पुटपुटले. माझं कंत्राट पुढच्याच महिन्यात संपत होतं. साहेबांचं पेन कागदाला टेकलं आणि मी उभा राहिलो.

"साहेब, ती पाहणी माझी आहे. मी नाला ओलांडला नव्हता."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे आपण लांबून शहर आखलंत. छान. आता उद्या जवळून आखा."

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेलो. बाई नाल्यापाशीच उभ्या होत्या. माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "ते नंतर. आदी मोजा." टेपचं दुसरं टोक त्यांनी स्वतः धरलं. दारादारांतून लोक रोखून बघत होते. एका म्हाताऱ्यानं तर मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. बाहेरूनच मोजून घेतलं. संध्याकाळपर्यंत छत्तीस घरं झाली.

कंत्राट वाढलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खोलीमित्राबरोबर क्लासला जाऊ लागलो आणि पुढे एका कंपनीत नकाशेच कॉम्प्युटरवर चढवायच्या कामाला लागलो.

आराखडा मंजूर व्हायला कैक वर्षं गेली. प्रत हाती आली, तेव्हा मी आधी नाला शोधला. आरक्षण बाजूच्या पडीक जमिनीवर सरकलं होतं. एकतीस घरं आता नकाशावर घरं म्हणून होती. उरलेली पाच नव्या रस्त्यात जात होती, त्यांत बाईंचं घर होतं.

रविवारी गेलो. बाई सामान बांधत होत्या. पालिकेनं लांबच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर खोली दिली होती. मी दारातच थांबलो.

"येकतीस ऱ्हायली ना?" त्या म्हणाल्या. "तुमी उबं ऱ्हायला नसता तर येकबी नसतं. आता त्या कपाटाला हात लावा जरा."

कपाट जड होतं. आम्ही दोघांनी ते टेम्पोपर्यंत नेलं.