डोक्यावरचा पत्रा

पत्रेवाले आबा मशीनला हात लावण्याआधी त्याच्या डोक्यावर टांगलेल्या पत्र्याला हात लावत. शहाद्याकडच्या आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ते मिस्त्री होते, मी स्टोअर सांभाळत होतो. मशीनं सारी एकाच घडणीची. पण रोलर आणि पातं यांच्यातली फट प्रत्येकाला वेगळी लागे. आबांनी ज्याचं माप त्याच्याच डोक्यावर, पत्र्यात खिळ्यानं ठिपके ठोकून ठेवलं होतं.

मला सगळं एका जागी लागतं. "भिंतीवर एकच फळा लावू," मी सुचवलं.

"भाऊ, दोन्ही पोरेसले एकच सदरा शिवस का?"

"माझं अजून लग्न नाही, आबा."

"मंग पोरे हुई जाऊ दे, मंग सांग."

खंडेनवमीला पत्रे उतरवून राखेनं घासत, कुंकू लावत. परत टांगायचा मान आबांचाच. तोवर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कामावर कोणाला कळलं नव्हतं, कारण ते ठिपके बोटांनी वाचत. कळलं असतं तर मिस्त्रीपण गेलं असतं.

त्या वर्षी कामगारांनी हौसेनं पत्र्यांना जाड तेलरंग दिला. ठिपके रंगानं भरून गेले. आबा बोट फिरवत राहिले, थांबले, पण विचारलं कोणालाच नाही. दोन पत्र्यांची अदलाबदल झाली.

दुसऱ्या दिवशी मदतनिसानं रंगाखालून पुसट दिसणारे ठिपके मोजून, पत्र्याप्रमाणे फट लावली. रोलर तापला, रुईनं पेट घेतला. वाळूच्या बादल्यांनी आग विझली, पण कापूस टाकणाऱ्या रमीबाईचा हात भाजला. आबा तिच्याजवळ बसून राहिले.

"माले दिखत नही, बाई," ते सर्वांसमोर म्हणाले.

"आते सांगतस का, आबा?" रमीबाई एवढंच बोलली.

त्यांनी पाना माझ्या टेबलावर ठेवला. आठवण म्हणून एखादा पत्रा न्या, असं मी म्हटलं.

"पत्रा मशीनना शे. मन्हा नही."

पुढच्या हंगामात आबा एकदा भेटायला आले, पत्नीबरोबर. पत्र्यांचा रंग आम्ही खरवडून काढला होता. आबा एकटेच रांगेतून हिंडले, प्रत्येक पत्र्यावर बोट टेकवत. चौथ्यावर थांबले. नव्या मिस्त्रीनं तिथं जुने ठिपके चेपून नवे ठोकले होते. त्यांना वाईट वाटेल म्हणून आम्ही ते आधी सांगितलं नव्हतं.

"रोलर बदलना व्हई," ते म्हणाले. "बरं करं."

रमीबाईनं त्यांना पाणी दिलं, भाजलेल्या हातानंच. मग ते निघाले, आणि दाराऐवजी भिंतीकडे वळले. पत्नीनं पुढं होऊन हात धरला. मशीनांमधून हिंडताना त्यांना कोणाचा हात धरावा लागला नव्हता. फाटकापर्यंत मात्र तो सोडता आला नाही.