रोझीची शाल

तेरेझाचा कट्टा गावाहून फोन आला तेव्हा मी जामसंड्याच्या घरी दुपारचा चहा गाळत होते. "रोझी गेली गो," एवढंच ती म्हणाली. चहा तसाच राहिला. त्याला आता दीड महिना झाला...

रोझी तेरेझाची थोरली बहीण आणि माझी तीस वर्षांची मैत्रीण. किनाऱ्यावरच्या एका शाळेत ती शिक्षिका होती, पुढे मुख्याध्यापिका झाली. आमची ओळख ओरोसची. मी तिथे कचेरीत कारकून, ती शाळेचे कागद घेऊन आलेली. माझं नाव ऐकून थबकली. "आमच्या शाळेच्या मुलाखतीक नाव पुकारलां तरी इली नाय, ती तूच मा?" मी पटकन म्हटलं, "बस चुकली." तिचा चेहराच उतरला. "म्हणजे तुजी बस चुकली म्हणान माका नोकरी गावली."

हेच ती जन्मभर सांगत राहिली. निकाल चांगला लागला की पोरं हुशार. मुख्याध्यापिका झाली, तर म्हणे दुसरं कुणी तयार नव्हतं. नाताळात नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, पहिला डबा माझ्याकडे यायचा. निवृत्तीच्या सत्काराची शालसुद्धा तिने माझ्या मांडीवर आणून ठेवली. "ही तुजी." लाज वाटली, पण घेतली.

बस चुकलीच नव्हती. मी वेळेवर पोचले होते. मुलाखतीत वर्गासमोर नमुना पाठ घ्यायचा होता, भरती-ओहोटीचा, आणि मी सगळा घोकून आले होते. माझ्याआधी रोझीचा पाठ होता. समुद्रापासून आत, कट्ट्याला वाढलेली. तिला खरंच काही ठाऊक नव्हतं. व्हरांड्यात उभी राहून मी ऐकत होते. मागच्या बाकावरच्या, मासे विकणाऱ्या बाईच्या मुलीला ती म्हणाली, "माका म्हायत नाय. तू सांग, तुज्या घरचे होडी कधी भायर काढतत?" मुलगी बोलायला लागली, मग अख्खा वर्ग. कुणी थांबेना. असं शिकवणं मला सात जन्मांत जमलं नसतं. मी चपला घातल्या आणि माघारी आले. घरी काय सांगायचं? बस चुकली. माझी अब्रू त्या थापेने राखली आणि रोझी मात्र स्वतःला उपरी समजत राहिली.

गेल्या रविवारी शाल घेऊन कट्ट्याला, त्या बहिणींच्या घरी गेले. तेरेझाला सगळं सांगितलं.

"माका कित्याक सांगतस?" ती म्हणाली. "तिका सांगूक व्हया व्हता."

मग तिने शाल माझ्या हातातून घेतली आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर पसरली. आपल्याला काही येत नाही या धास्तीने रोझी तिथे बसून उद्याचा धडा दोन-दोनदा वाचायची. शाल आता तिथेच आहे, जिची तिच्याकडे. या खेपेला मात्र मला खरंच उशीर झाला.