आमच्या मिठ्ठूची मिरगी

वाळत घातलेल्या मोहफुलांचा वास आजही कुठे आला, की मी आधी हसते आणि मग गप्प होते. हसते, कारण आमच्या पोपटाला पहिल्यांदा मिरगी आली तेव्हा त्याला चढली आहे असंच आम्ही सगळे समजलो होतो. गप्प का होते, ते सांगायला हे लिहायला बसले आहे.

ऐंशी सालानंतरची पहिली काही वर्षं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि आम्ही ब्रह्मपुरीहून बरंच आत, जंगलाला लागून असलेल्या एका गावात राहायचो. घरात बाबा, आई, मी आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिला मिरगी यायची. मी चार वर्षांची असताना तिचा सासरा तिला आणि तिच्या लोखंडी पेटीला बैलबंडीतून आणून आमच्या दारात उतरवून गेला होता. "थोडे दिवस राहू द्या, मंग नेतो," असं म्हणाला होता म्हणे. त्यानंतर तो कधी आमच्या गावच्या रस्त्यालाही दिसला नाही. पेटी आमच्याकडेच गंजली.

पोपट बाबांच्या शाळेतल्या एका पोराच्या बापानं मोहाच्या झाडाच्या ढोलीतून काढून आणला होता. पोरगं चौथी पास झालं म्हणून मास्तरांना भेट. पोपट पाळणं गुन्हा असतो हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी तो सोडला नसता, हेही खरं सांगून टाकते. त्याला वेगळं नाव कोणी ठेवलं नाही. मिठ्ठूच म्हणायचे सगळे. बाबांनी त्याला बोलायला शिकवायचा चंग बांधला. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी पिंजऱ्यासमोर उभे राहून ते "नमस्ते, नमस्ते" करायचे आणि तो मान वाकडी करून ऐकायचा, मग मिरची मागायचा. तो शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. "तुमच्या शाळेत याच्यापेक्षा हुशार कोणी नाई का?" असं आई बाबांना चिडवायची.

मी पाचवीत होते त्या उन्हाळ्यात अंगणभर मोहफुलं पसरली होती. पोपटाला मी पिंजऱ्याबाहेर काढलं होतं आणि तो त्या फुलांत दिमाखात फिरत होता, एक फूल चोचीत धरायचं, अर्धं खायचं, फेकायचं. आणि अचानक तो आडवा पडला. पाय ताठ झाले, पंख जमिनीवर फडफडायला लागले, मान उलटी वळली.

"अव माय, याले तं चढली!" आई म्हणाली.

मी तर पोट धरून हसले. कुंपणापलीकडच्या शेजारणीला हाक मारली, तीही येऊन हसली. मोहाची पिऊन रस्त्यात आडवा झालेला माणूस आम्ही आठवड्यातून दोनदा पाहायचो, पण पोपट कधी पाहिला नव्हता. आत्या तेवढी हसली नाही. सुपातले तांदूळ तसेच ठेवून ती आत गेली. मला वाटलं, तिला गंमत कळत नाही. बाकी मला त्या वयात बऱ्याच गोष्टी कळत होत्या असा माझा समज होता.

मोहफुलं संपली, पाऊस येऊन गेला, आणि पोपट पुन्हा पडला. या वेळी पिंजऱ्यात, दांडीवरून खाली. आता चढायला काही कारण नव्हतं. आई म्हणाली, "मिरगीच व ही," आणि मग आम्ही दोघींनी जे आम्हाला येत होतं ते केलं. आईनं कांदा फोडून आणला. मी बाबांची चामड्याची चप्पल आणली आणि ती पोपटाच्या नाकाशी धरायला पिंजऱ्याच्या दारातून आत कोंबायला लागले. बाबांची चप्पल नऊ नंबरची होती. दार तळहाताएवढं.

यात मला काही चूक वाटायचं कारण नव्हतं, कारण आत्याला मिरगी आली की हेच व्हायचं. बोरिंगवर पाणी भरणाऱ्या बाया धावत यायच्या, दोघी हात दाबायच्या, दोघी पाय, आणि कोणीतरी चप्पल काढून तिच्या नाकाला लावायची. मी त्या वेळी धान्याच्या खोलीत पळून जायचे आणि कान बंद करून बसायचे. मला तिची भीती वाटायची. तिची, म्हणजे माझ्या आत्याची, जी माझ्या वेण्या घालायची. शुद्धीवर आली की ती एकच गोष्ट विचारायची, "मी कुठी आहो?" आई म्हणायची, "काई नाई झालं, पडून राह्य." मग ती पुन्हा विचारायची. पुन्हा. तीन-चारदा तरी विचारायची. आम्हाला वाटायचं, मिरगीनं डोकं फिरतं तिचं.

तर मी चप्पल कोंबत होते, आणि आत्यानं मागून येऊन माझा हात धरला.

"चप्पल बाहेर ठेव," ती म्हणाली. "त्याले काई हुंगवू नको. हातही लावू नको."

तिनं आपल्या जुन्या पातळाचा तुकडा आणला, पिंजऱ्यावर टाकला आणि शेजारी बसली. आत फडफड चालू होती. ती थांबेपर्यंत आत्या हलली नाही. मग तिनं कापड थोडं वर केलं आणि आत तोंड करून अगदी हळू काहीतरी बोलली. ते मला ऐकू आलं नाही.

गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. बोरिंगवर घागर भरताना आईच्या कानावर आलं, "मास्तरच्या घरी आता पाखरालेही मिरगी येते म्हंते." आईनं घागर घरात आणून अशी आपटली की पाणी चुलीपर्यंत गेलं. आई वाईट नव्हती. आत्याला तिनं कधी जेवण मोजून वाढलं नाही. पण दमली होती, आणि लोकांचं हसू तिला झोंबायचं. त्या दिवशी ती बाबांना म्हणाली, "एकाले सांभाळू का दोघाले? मी काई दवाखाना नाई उघडला." आत्या चुलीपुढे होती. तिनं भाकरी उलटली, एवढंच.

बाबांनी ठरवलं, पोपट ज्यानं आणला त्याला परत द्यायचा. मी रडून गोंधळ घातला, जेवले नाही, बाबांची खडूची पेटी लपवली. काही उपयोग झाला नाही. बाबा घरातही मास्तरच होते, एकदा ठरलं की ठरलं.

निघायच्या सकाळीच पोपटाला पुन्हा झटका आला. तो पिंजऱ्याच्या तळाशी डोळे अर्धे मिटून पडला होता. बाबांनी पिंजरा उचलला, सायकलच्या कॅरिअरवर ठेवला आणि ट्यूबच्या पट्टीनं बांधायला लागले. मी दाराशी नाक पुसत उभी होते. आत्या ओसरीवर आली.

"भाऊ, थांबा जरा. त्याले शुद्ध तं येऊ द्या."

"वाटेत येईल," बाबा पट्टी ओढत म्हणाले.

"मलेही वाटेतच आली होती."

बाबांचा हात थांबला. आत्या आवाज चढवून बोलली नाही. ती तशी कधी बोलायचीच नाही. ओसरीचा खांब धरून ती सांगत राहिली.

"डोळे उघडले तं वर आभाळ होतं. बंडी चालून राह्यली होती. मले वाटलं, बाजारात नेऊन राह्यले. मी मामांजीले विचारलं, मी कुठी आहो? ते काई बोलले नाई. दोनदा विचारलं. मंग बाजूले माही पेटी दिसली, तवा समजलं. भाऊ, त्याले द्याचं तं द्या. पण उठून पाहू द्या त्याले. कोण नेऊन राह्यलं, कुठी नेऊन राह्यलं, पाहू द्या."

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. सहा-सात वर्षं ती आमच्या घरात राहत होती, आणि तिला कसं आणलं हे बाबांनीही कधी विचारलं नव्हतं. उतरताना ती जागी होती, चालत आत आली होती, तेवढं त्यांनी पाहिलं होतं. बाबांनी पट्टी सोडली आणि पिंजरा ओसरीवर, त्याच्या खिळ्याला, परत लावला. शाळेत ते त्या दिवशी उशिरा गेले. आई आतून चहा घेऊन आली आणि पहिला कप आत्याच्या हातात दिला.

परत द्यायचा विषय त्यानंतर निघाला नाही. बाबा मात्र एका बाजाराच्या दिवशी पोपटाला घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेले, सायकलच्या दांडीवर मला बसवून आणि पिंजरा माझ्या मांडीवर देऊन. तिथे रांगेत सहा बैल, एक म्हैस आणि आम्ही. डॉक्टर पिंजऱ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, याची शिंगं कुठं गेली?" पण नंतर त्यांनी सगळं नीट विचारलं. काय खातो, किती वेळ फडफडतो, आधी काय होतं. लाखोळीची डाळ देऊ नका, तिनं पाय लुळे पडतात म्हणाले, मोहफुलं बंद करा म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, "खरं सांगू? हे का होतं ते मला माहीत नाही. माझ्याकडे बैलाची औषधं आहेत, ती याला दिली तर उद्या पिंजरा रिकामा होईल." बाबांना तो डॉक्टर फार आवडला. मला माहीत नाही असं म्हणणारा शिकलेला माणूस त्यांनी कमी पाहिला होता. लाखोळी पोपटाची बंद झाली. आमच्या ताटात ती रोज होतीच.

झटके काही थांबले नाहीत. कधी आठवड्यात दोन, कधी महिनाभर एकही नाही. का येतात ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यांच्यासोबत राहायचं कसं ते आत्यानं आम्हाला शिकवलं. दांडी खाली घेतली, म्हणजे पडला तरी लागू नये. तळाशी गोणपाट आणि त्यावर जुन्या पातळाची घडी. झटका यायच्या आधी पोपट कोपऱ्यात सरकायचा आणि एकाच डोळ्याची उघडझाप करायचा. हे आत्याला सगळ्यांच्या आधी दिसायचं. "येऊन राह्यली त्याले," ती म्हणायची, की मी पाण्याची वाटी बाहेर काढायची, आई भांड्यांचा आवाज थांबवायची, आणि आत्या कापड टाकायची. बाबा घरी असले तर वाचन थांबवून बसून राहायचे. एवढी शांतता आमच्या घरात एरवी कधी नसायची. आता त्या दिवसांची आठवण आली की मला ती शांतताच आठवते, चौघं जण एका पाखरासाठी श्वास धरून बसलेले.

आणि आत्या त्याच्याशी काय बोलायची तेही मी एकदा जवळ सरकून ऐकलं. तो डोळे उघडायचा तेव्हा ती म्हणायची, "पडला होता गा तू. झालं आता. घरीच आहेस. इथीच आहेस." दर वेळी हेच, याच क्रमानं, शाळेतल्या पाढ्यासारखं.

पोपट पुढे तीन वर्षं जगला आणि एका थंडीत सकाळी दांडीखाली निपचित सापडला. मी खूप रडले. बाबांनी त्याला शाळेमागच्या बांबूच्या बेटात पुरलं. पण मला शेवटी सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, तो चांगला मिरच्या फोडत होता तेव्हाचं.

उन्हाळ्याची दुपार होती. आई-बाबा एका लग्नाला गेले होते. आत्या ओसरीवर तांदूळ पाखडत होती आणि मी आंब्याची कोय चोखत बसले होते. सूप खाली पडलं. तांदूळ पसरले. आत्या कलंडली.

माझे पाय सवयीनं धान्याच्या खोलीकडे वळले. दोन पावलं गेलेही मी, खोटं कशाला सांगू. मग परत फिरले. सूप लांब सारलं, पोपटाच्या पिंजऱ्यावरचं कापड ओढलं, त्याची घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवली. आवाज ऐकून बोरिंगवरच्या दोघी आल्याच. एकीनं चप्पल काढून हातात घेतली होती.

"चप्पल बाहेर ठेवा," मी म्हणाले. "तिले हात लावू नका."

"अव पोरी, तुले काय समजते?"

"मले समजते."

त्या उभ्या राहिल्या. मी खाली बसले. मला भीती वाटत होती, पण मी तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी तिच्याकडे त्या वेळी कधी पाहिलंच नव्हतं. अंग सैल पडल्यावर मी तिला हलकेच कुशीवर केलं. पिंजऱ्यात पोपट दांडीला धरून अगदी गप्प बसला होता.

आत्यानं डोळे उघडले. छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी कुठी आहो?"

"तू पडली होती आत्या," मी म्हणाले. "तांदूळ पाखडत होतीस. झालं आता. घरीच आहेस. इथीच आहेस."

तिनं माझा हात धरला आणि डोळे मिटले. एरवी ती तीन-चारदा विचारायची. त्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं नाही.