दोब्रिंकाने सोडलेलं गाठोडं

दोब्रिंका पेत्कोवा कुणाला गोड वगैरे वाटली नाही. आवाज फाटका, सूर्यफुलाच्या बिया चावत बोलणार आणि टरफलं माझ्याच टेबलावर टाकणार. पण मला माझी नात वेळेवर बघता आली ती हिच्यामुळे.

रूसे शहरात घरोघर गरम पाणी पोचवणाऱ्या केंद्रात आम्ही दोघी प्रोग्रॅमर. बॉयलरचा प्रोग्रॅम सी भाषेतला, सगळा एकाच फाइलमध्ये कोंबलेला. लिहिणारे गृहस्थ कॅनडाला गेले आणि गाठोडं माझ्या गळ्यात पडलं. पंपाच्या भागाला हात लावावा तर धोक्याचा भोंगा बिघडे. त्यात लेक दूर वार्नाला बाळंत व्हायची होती. आमचे वरिष्ठ कानेवसाहेब म्हणाले, "प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाला झेपला तर खुशाल जा. एरवी रजा नाही."

"सरक," दोब्रिंका मला म्हणाली.

तिने पंप, झडपा, भोंगा यांच्या वेगळ्या सोर्स फाइली केल्या. प्रत्येकीची एक हेडर फाइल: कुठली फंक्शनं आहेत, त्यांना काय द्यायचं, काय परत मिळेल, एवढंच. "आतला पसारा परक्याने कशाला बघायचा? दारावरची पाटी वाचावी, काम सांगावं."

सगळ्या फाइली जोडायला घेतल्या तर त्या एकत्र सांधणारा लिंकर अडला. पाण्याचं तापमान ठेवायचं व्हेरिएबल तिने हेडरमध्येच तयार केलं होतं. हेडर तिन्ही फाइलींत जाणार, म्हणजे तापमानंही तीन!

"अगं, तिळं झालं की!" मी ओरडले.

"तुझ्या लेकीला एक, मला तीन. जळू नकोस, इस्क्रा."

मग हेडरमध्ये 'असं एक तापमान आहे' एवढीच सूचना ठेवली आणि खरं व्हेरिएबल एकाच सोर्स फाइलमध्ये.

कानेवसाहेबांनी परीक्षा घेतली: भोंगा किती तापमानाला वाजायचा ती मर्यादा बदला, इस्क्राने बोलायचं नाही. दोब्रिंकाने भोंग्याची तेवढी फाइल उघडली, बदलली, पुन्हा जोडली. पंप निमूट चालू राहिले.

"जा बाई," साहेब म्हणाले.

वार्नाच्या प्रसूतिगृहात कुणाला आत सोडत नसत. अंगणात उभ्या जावयांच्या गर्दीत मीही मान वर करून उभी राहिले. लेकीने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत गाठोड्यातलं लाल तोंड धरलं. मी मनसोक्त रडले आणि पोस्टातून रूसेला फोन लावला.

"झडप अडली होती. एक फाइल उघडली, झालं," दोब्रिंका म्हणाली. "बॉयलरचं विचारायचं नाही."

"दोब्रिंका, तुझे उपकार मी—"

"ते राहू दे! नाक कुणाचं आहे, ते सांग."