उंटापुढे टाकलेला सदरा

कुवेतमधल्या अबू हलीफा भागातल्या आमच्या खोलीत शुक्रवारची जेवणं झाली की कोणीतरी मोबाइलवर शिकारीचा व्हिडिओ लावतो. झाडासारखे कपडे घातलेला माणूस झाडाला टेकून बसलेला असतो आणि समोरून सांबर चालत येतं. पोरं माझ्याकडे बघून हसतात, कारण आता म्हातारा बोलणार हे त्यांना माहीत असतं. मी बोलतोच. मोठ्या जनावराच्या शिकारीला असले चट्ट्यापट्ट्यांचे कपडे लागत नाहीत. मी चौथी शिकलो, पण पारधीत वाढलो, आणि या एका गोष्टीवर मी कोणाचं ऐकून घेत नाही.

आमच्याकडे कोकणात पारध म्हणजे अख्ख्या वाडीचं काम. बंदूक दोघातिघांकडे, बाकी सगळे हाकारी. डबे वाजवत, ओरडत रान उठवायचं, डुक्कर पुढे पळायचं आणि बंदूकवाल्याच्या तोंडाशी जायचं. आमच्या अंगावर लंगोटी आणि फाटकी बंडी. पण डोक्याला प्रत्येकाच्या तांबडं फडकं. त्याशिवाय जाणती माणसं रानात पाऊल टाकू देत नसत. डुकराला त्या रंगाचं काही नाही, त्याला वारा सगळं सांगतो. फडकं होतं ते बंदूकवाल्यासाठी.

माझा थोरला चुलतभाऊ एकदा मुंबईहून मिलिटरीवाल्यांसारखी पँट आणि शर्ट घेऊन आला. एवढे भारी कपडे घातल्यावर डोक्याला फडकं कशाला, म्हणाला. करवंदीच्या जाळीतून वाकून बाहेर येत होता, आणि आमच्याच वाडीतल्या माणसाने बार काढला. छर्रे पोटात गेले. दोन्ही हातांनी आतडी आत धरून तो बसला होता आणि मला विचारत होता, डुक्कर कुठे गेलं. खाटेवर घालून आम्ही त्याला नदीपर्यंत आणला. नदी उतरताना तो गेला. आणि डुक्कर वास घेऊन कधीच दुसऱ्या अंगाने निघून गेलं होतं. त्या कपड्यांनी फसला तो फक्त माणूस.

हे सगळं मनात घेऊन मी कुवेतला आलो आणि इथेच म्हातारा झालो. सुलैबियाच्या पुढे वाळवंटात जनावरांचे गोठे आहेत, त्यांना इथे जाखूर म्हणतात. त्यातल्या एका जाखूरवर मी चारापाणी बघतो. मालकाला आम्ही सगळे बाबा म्हणतो. तिथे आमच्याबरोबर एक सुदानी राखणदार आहे, आणि पाण्याचा टँकर घेऊन येणारा माझा भावोजी. तो रत्नागिरीकडचा मुसलमान, पण त्याची बायको आमच्या गावची. गावची लेक म्हणजे आमची बहीण, म्हणून मी त्याला भावोजी म्हणतो आणि तो मला मेहुणे. वर्षानुवर्षं आम्ही त्याच नात्याने एकमेकांना टोचत आलोय. तो म्हणायचा, तुमच्या गावचं पाणीच कडू, बायकोच्या बोलण्यावरून कळतं. मी म्हणायचो, खाडीतलं मचूळ पाणी पिणाऱ्याला गोडाची चव कुठली.

एका थंडीत बाबाने एक नर उंट आणला. काळपट, उंच, मान माझ्या मांडीपेक्षा जाड. थंडीत नर माजावर येतो. तोंडातून मांसाचा तांबडा फुगा बाहेर काढतो, घशात पाणी उकळल्यासारखा गुरगुरतो, फेस गाळतो. तसा तो एकदा टँकरच्या वाटेत आडवा उभा राहिला. भावोजीला घाई होती. त्याने पाण्याच्या नळीचं पितळी तोंड उचललं आणि उंटाच्या नाकावर हाणलं. एकदा नाही, तो बाजूला होईपर्यंत हाणलं. नाकातून रक्त आलं. उंट मागे सरला आणि नुसता बघत राहिला.

सुदानी धावत आला. हा उंट आता हे विसरणार नाही, म्हणाला. त्यांच्याकडची रीत अशी, की उंटाने माणसावर डूख धरला तर त्या माणसाने अंगातला घामाचा कपडा उंटापुढे टाकायचा. उंट तो तुडवतो, चावतो, त्याच्यावर बसतो, मग त्याचं मन भरतं. भावोजीच्या अंगात निळा सदरा होता, बायकोने शिवून दिलेला. तो म्हणाला, उंटाला सदरा दिला तर घरी तोंड कसं दाखवू? मीही हसलो. आमच्या गावची बाई, तिचा हात लागलेला कपडा उंटाला कशाला, असंच मी म्हणालो.

मग एका दुपारी मी कडबा टाकत होतो. टँकर हौदाशी उभा होता, भावोजी नळी जोडायला वाकला होता. ओरडणं ऐकून मी वळलो, तोवर उंटाने त्याचा दंड तोंडात धरला होता. जमिनीवरून उचलून त्याला झटके देत होता. हाड मोडल्याचा आवाज मला कुंपणापाशी ऐकू आला. मग त्याला खाली टाकला आणि पुढचे गुडघे टेकले. उंटाच्या छातीखाली दगडासारखा घट्टा असतो, त्याच्याखाली घेऊन तो माणूस भरडतो. मी फावडं घेऊन धावलो आणि तोंडावर घातलं. सुदान्याने मागून काठी हाणली. उंट माझ्याकडे वळला तेवढ्यात भावोजी सरपटत टँकरखाली गेला.

आता भावोजी टँकरखाली आणि उंट टँकरभोवती. मान वाकवून आत दात घालायचा. आम्ही पुढे गेलो की आमच्या अंगावर यायचा, मागे सरलो की परत टँकरकडे. खालून रक्ताचा ओघळ बाहेर येत होता. दंड पार फाटला होता. तिथे तसाच राहिला तर तो मरणार हे मला दिसत होतं, आणि आमच्या गावची लेक विधवा होणार हेही.

सुदान्याने बाबाच्या मुलाला फोन केला होता. तो जवळच वाळवंटात तंबू ठोकून राहिला होता, मित्राला घेऊन लगेच आला. परदेशात जाऊन डोंगरातले मोठे रानबोकड मारून आलेला तरणा माणूस. दोघांच्या हातात रायफली. आणि आल्याबरोबर त्याने काय केलं? गाडीमागे जाऊन वाळूच्या रंगाचे चट्ट्यापट्ट्यांचे कपडे चढवायला लागला. मी म्हणालो, अरे, उंट उघड्यावर उभा आहे, त्याला काय लपायचंय? तो मोडक्या हिंदीत म्हणाला, मला माहीत आहे मी काय करतोय. पहिलं बटण त्याच्या हातून दोनदा निसटलं. शेवटची बटणं मात्र सरळ लागली, हे मी पाहिलं.

तसेच कपडे घातलेले ते दोघे वाळूच्या ढिगाऱ्याकडे गेले आणि दिसेनासे झाले. ते कपडे चांगलेच होते, नाही म्हणत नाही. मी डोळे फाडून बघत होतो, मला माणूस दिसत नव्हता. उंटाने मात्र नाक वर केलं आणि थेट तिकडेच बघितलं.

बार झाला. गोळी उंटाच्या मानेचं मांस घेऊन टँकरमध्ये घुसली. पाण्याची धार फुटली, खाली चिखल झाला, आणि भावोजी त्या तांबड्या चिखलात. उंट पिसाळला. डोकं टँकरवर आपटायला लागला, चाकाशी आला आणि आत मान घालून भावोजीची पँट धरली. भावोजी एका हाताने चाकांमधला दांडा धरून ओरडत होता.

सुदानी आपल्या भाषेत किंचाळत होता, कपडा, कपडा. भावोजीला ते कळलं. सदरा आधीच फाटून लोंबत होता. त्याने दाताने धरून, चांगल्या हाताने ओढून तो अंगावेगळा केला आणि रक्ताने भिजलेला बाहेर फेकला.

उंटाने पँट सोडली. सदरा हुंगला. मग त्याच्यावर जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. दातांनी फाडला, पायांनी तुडवला, गुडघे टेकले आणि छाती त्याच्यावर टेकवून पुढेमागे घासायला लागला. तोंडातला फुगा लोंबत होता, मानेतून रक्त गळत होतं, आणि तो त्या निळ्या चिंध्यांवर बसून गुरगुरत होता. त्याजागी माणूस असता तर त्याचा भुगाच झाला असता.

पलीकडच्या अंगाने जाऊन भावोजीला पायांना धरून ओढून काढायचा तो क्षण होता. पण बंदुका कुठे आहेत तेच मला दिसत नव्हतं. नळी कुणीकडे रोखलीय, मी धावलो तर माझ्या पोटात येईल की त्याच्या, काही कळेना. मला नदीतली खाट दिसत होती. मी ढिगाऱ्याकडे तोंड करून ओरडलो, "उभे राहा! दिसेल असे उभे राहा! मी आत जातोय!"

बाबाचा मुलगा उभा राहिला. हे त्याच्या बाजूने मी नेहमी सांगतो. गळ्यातला तांबड्या चौकड्यांचा रुमाल काढून त्याने हात वर करून हलवला आणि मित्रालाही उठवलं. मग कळलं, मला वाटत होते त्याच्या पार दुसऱ्याच अंगाला ते होते. मी धावलो, भावोजीच्या घोट्यांना धरून ओढला. तो चिखलातून सरकत आला. आम्ही बाहेर पडताच बाबाचा मुलगा सरळ चालत उंटापर्यंत गेला, उघड्यावर, ताठ, आणि कानामागे नळी लावून बार काढला. उंट सदऱ्यावरच आडवा झाला. पाय बराच वेळ वाळू खणत होते.

भावोजी उघडा, थंडीने आणि रक्त गेल्याने काकडत होता. बाबाच्या मुलाने आपलं चट्ट्यापट्ट्यांचं जाकीट काढून त्याच्यावर घातलं आणि स्वतः गाडी चालवून हॉस्पिटलला नेलं. जीव वाचला. हात खांद्याखाली कापावा लागला.

नंतर बाबाचा मुलगा मला म्हणाला, तू फावडं घेऊन मध्ये नाचला नसतास तर पहिली गोळीच डोक्यात बसली असती. मी ऐकून घेतलं. मान्य केलं नाही. उंटाने तुला वासाने आधीच पकडलं होतं, मी म्हणालो. तो म्हणाला, तरी तो माझ्याकडे आला नाही ना? मग आम्ही दोघांनीही भावोजीकडे बघितलं, की तू सांग.

भावोजी हॉस्पिटलच्या खाटेवर होता.  तो म्हणाला, "मेहुणे, मला टँकरखालून तुम्हा सगळ्यांचे पाय तेवढे दिसत होते. शिकाऱ्याने काय घालावं ते तुम्ही ठरवा. मी घरी सदऱ्याचं काय सांगू ते सांगा."

घरी सांगायला मला जावं लागलं, म्हणजे फोनवर. तिला मी सांगितलं, बाई, तुझ्या हाताने नवरा वाचवला. ती रडली, मग म्हणाली, त्याला सांगा दुसरा शिवते, एका बाहीचा.

तो सदरा अजून यायचा आहे. तोवर थंडीत भावोजी ते जाकीटच घालतो, जाखूरच्या फाटकावर बसतो, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना वाट दाखवतो. वाळूत वाळूच्या रंगाचा माणूस. परवा गाडी मागे घेणाऱ्या ट्रकवाल्याला तो दिसलाच नाही, सुदान्याने खेचला म्हणून वाचला. मी जाऊन बाबाच्या मुलाकडून तो तांबड्या चौकड्यांचा रुमाल मागून आणला आणि भावोजीच्या रिकाम्या बाहीवर गच्च बांधला. तो शिव्या देत होता, नवरदेव करता काय मला या वयात. मी म्हटलं, गप्प बस, भावोजी. गाठ सोडलीस तर दुसराही हात बांधून ठेवीन.

त्याने सोडली नाही.