महिपतरावांची रंगीत तालीम

महिपतराव साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात ओव्हरसियर. कुणाचा ऊस कोणत्या तारखेला तोडायचा हे ठरवणारा माणूस, त्यामुळे देवही तारखा आपल्यालाच विचारून देतो असा त्यांचा समज. त्र्याण्णवच्या जानेवारीत लेक उत्कर्षा पहिल्या बाळंतपणाला वडगाव निंबाळकरला माहेरी आली आणि त्यांनी तिचाही तोडणी कार्यक्रम काढला. कार्बन घालून तीन प्रती. एक बारामतीच्या डॉक्टरीणबाईंना, एक भिंतीवर आणि एक मला, कारण जीप माझी. डॉक्टरीणबाईंनी ‘पंधरा तारखेच्या आसपास’ असं म्हटलं होतं. त्यातला ‘आसपास’ महिपतरावांनी खोडला.

आम्ही हसायचो, पण तोंड फिरवून. बावीस वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, त्यांच्या बायकोला, प्रयागबाईंना, दवाखान्यात नेताना जीप उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेत अडकली आणि पहिलं पोर वाटेतच गेलं. आपलं नियोजन चुकलं, हे त्या माणसाने तेव्हापासून मनाला लावून घेतलं होतं.

म्हणून दहा तारखेला तालीम ठरली. लेकीला खड्ड्यांतून हिंदकळवायचं नाही, म्हणून पोटुशी झाल्या प्रयागबाई. लुगड्यात उशी, मांडीवर थर्मास, शेजारी बाळंतविड्याची पिशवी. उत्कर्षाला शेजारच्या सारजाकाकूंच्या हवाली करून आम्ही निघालो. मला तर कुणी ओळखीचं भेटू नये एवढंच वाटत होतं.

कारखान्याच्या फाट्यावर बैलगाड्यांची रांग लागली. महिपतरावांनी घड्याळ धरलं आणि बायकोला कण्हायला सांगितलं. बाई आधी लाजल्या. मग अशा ओरडल्या की माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडीवानांनी उड्या टाकून बैलं कडेला घेतली, एकाने पुढच्याला हाळी दिली, त्याने त्याच्या पुढच्याला. रस्ता मोकळा झाला तरी बाई थांबेनात. दवाखान्यात आयांनी त्यांना थेट स्ट्रेचरवर घातलं. उशी खाली पडली तेव्हा महिपतराव ‘छत्तीस मिनिटं’ असं लिहीत होते.

डॉक्टरीणबाईंनी आमची यथेच्छ हजेरी घेतली. ती चालू असतानाच दारात दुधाचा टेम्पो थांबला आणि कॅनांच्या मधून, सारजाकाकूंच्या आधाराने, उत्कर्षा उतरली. आमची जीप वेशीबाहेर पडली आणि तिला कळा सुरू झाल्या होत्या.

“रस्ता मोकळाच हुता,” काकू म्हणाल्या. “गाडीवान म्हणालं, आदीच एक बाय गेलीया, अजून गाड्या कडंलाच हायत.”

उत्कर्षाला आत नेलं. महिपतराव बाकावर मटकन बसले. “घरात गाडीच न्हवती,” ते म्हणाले. “परत माझंच चुकलं.”

प्रयागबाई उशी घेऊन शेजारी बसल्या. “तवाबी तुमचं चुकलं न्हवतं. म्होरं मामंजी बसल्यालं. मी तोंडात पदर कोंबला. आत कोण हाय, गाडीवानांस्नी कळलंच न्हाय.” मग हळूच म्हणाल्या, “आज वरडून घेतलं.”

महिपतरावांनी तो कार्यक्रमाचा कागद घडी करून खिशात घातला.

प्रयागबाई उठल्या आणि बंद दारापाशी जाऊन म्हणाल्या, “उत्कर्षे, लाजू नगंस. वरड.”

उत्कर्षा ओरडली. बऱ्याच वेळाने आतून दुसरा, बारीक आवाज आला. महिपतरावांनी घड्याळ पाहिलं नाही.